दमणच्या धक्क्यावरची सिंधूबेन

समुद्र पाहिला! आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. सासरचं धानोरा आणि माहेरचं कळसाडी, दोन्ही गावांत मिळून समुद्र पाहिलेली बाई मी एकटीच असेन. आणि तोही फिरंग्यांच्या मुलखातला! दमणात इंग्रजाचं राज्य नाही. वापीला गाडीतून उतरायचं, टांगा करायचा, वाटेत एक नाका लागतो, तिथे शिपाई गाठोडी चाचपतो आणि त्याच्या पलीकडे परमुलूख. मी तर टांग्यातून वाकून बघत होते की जमिनीचा रंग बदलतो का. नाही बदलत.

यांच्या आत्याबाई दमणला दिलेल्या. आत्याबाईंच्या यजमानांचं तिथे किराणा दुकान आहे. लग्न झाल्यापासून त्यांचा निरोप यायचा, जोडीनं या म्हणून. सासूबाईंनी पाठवलं खरं, पण नंदुरबारच्या फलाटावर खिडकीत हात घालून मला बजावलं, "आइक वं कळसाडीवाली, ऐतवारले कानबाई शे. मूठ लेताना समोर नही दिसनी ते वरीसभर पाव्हनीच ऱ्हाशी!"

म्हणजे असं. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, गहू दळतात, आणि दळण्याआधी ते गहू सासूबाई घरातल्या एकेकाच्या नावानं सव्वा मूठ घेतात. माझी ही पहिलीच कानबाई. मूठ चुकली तर वर्षभर सासूबाई मला पाहुणी म्हणून चहा विचारतील, आणि त्या बोलल्या की करतात.

तर शेवटचा दिवस. संध्याकाळी टांगा, रात्री वापीची गाडी, सुरतेला बदलायची, की सकाळी नंदुरबार. मधे दिवस मोकळा, म्हणून आम्ही दोघं मोटी दमण बघायला निघालो. दमण दोन आहेत, नानी म्हणजे धाकटी आणि मोटी म्हणजे थोरली, मधून खाडी वाहते आणि होडीनं पलीकडे जायचं. (गंमत म्हणजे मोटी लहान आहे आणि नानी मोठी. कुणाला विचारलं तरी हसतात.)

मोटी दमणला किल्ला आहे. किल्ला म्हणजे आपल्यासारखा पडका नाही, आत माणसं राहतात! खिडक्यांत कुंड्या, झगे घातलेल्या बाया, आणि देवळाची घंटा केवढी, वाजली की पोटात हलतं. आम्ही दारातूनच देऊळ पाहिलं. आत मेणबत्त्या जळत होत्या आणि एक म्हातारी गुडघ्यावर बसून पुटपुटत होती, अगदी आमची आजी पुटपुटायची तशी. मग भट्टीवर यांनी पाव घेतला. गरम, वरून कडक, आतून कापूस. मी म्हटलं, बाटेन. हे म्हणाले, "खाय वं, अठे कोन देखी ऱ्हायनं?" खाल्ला. दोन खाल्ले. (सासूबाईंना वाचता येत नाही म्हणून लिहिते आहे. कुणी वाचून दाखवू नये.)

आणि मग तटावरून समुद्र! आमची प्रकाशा गावाजवळची तापी पुरात बघितली की मला वाटायचं यापुढे पाणी नाही. पण याला पलीकडचा काठच नाही हो! मी यांना विचारलं, पलीकडे काय? म्हणाले, "पलीकडे पन समिंदरच." मी टाचा उंच करून पुन्हा पाहिलं.

परतताना आभाळ भरून आलं. धक्क्यावर आलो तर होडी भरत होती. यांना एकदम आठवलं, कानबाईला समुद्रकाठचा नारळ न्यायचा. "तू बस, मी आत्ते लई येस," म्हणाले आणि पळाले. मी बायांत बसले, पदर पुढे ओढून, पुरुषांकडे पाठ करून. थोड्या वेळानं पदराच्या कडेनं पाहिलं, मागे यांच्यासारखी एक पांढरी टोपी येऊन बसली होती. आले म्हटलं. होडी सुटली.

पलीकडे उतरले. पांढरी टोपीही उतरली. टोपीखाली भलतेच गृहस्थ!

म्हणजे हे पलीकडेच राहिले! वारा सुटलेला, पाणी चढत होतं. शेजारी एक मासळीवाली टोपली रिकामी करून बसली होती, ती म्हणाली, "बेन, शेवटची होडी अजून यायची आहे, घाबरू नको." तिथला नावाडी पुढे आला. "तमारा धणीनुं नाम बोलो, बूम पाडुं." (बूम पाडुं म्हणजे हाक मारतो. मला ऐकू आलं बोंब! मी म्हटलं, बोंब कशाला मारता, मेलंय का कुणी?) ती मासळीवाली हसता हसता लोळली. मग कळलं की नवऱ्याचं नाव हवं. आता ते कसं घ्यायचं? मी म्हटलं, पांढरी टोपी, हातात नारळ. नावाडी म्हणाला, पलीकडे निम्म्यांच्या हातात नारळ आहेत.

तेवढ्यात पलीकडचा नावाडी ओरडायला लागला. "ओ सिंधूऽऽबेन! सिंधूऽऽबेन!"

कुणी उठेना. पुन्हा हाक. पुन्हा. शेवटची होडी भरून उभी, आणि ती सुटेना. तिकडची ओरड ऐकून इकडचा नावाडी सांगायला लागला, "कुणाचा तरी धणी अडून बसलाय. बायको इकडे पोचली असं कळल्याशिवाय होडीत चढत नाही, किल्ल्यात शोधायला जातो म्हणतो. किल्ल्यात गेला की राहिला, पाणी थांबणार आहे का?"

मला इतका राग आला त्या सिंधूबेनचा! माझे हे त्याच होडीत अडकलेले, टांगा निघून जाणार, सासूबाईंची मूठ जाणार, आणि ही बया कानात बोळे घालून कुठे बसली आहे? मी मासळीवालीला तसं म्हटलंसुद्धा. "बहिरी असेल मेली."

ती म्हणाली, "तारुं नाम शुं, बेन?"

"तापी," मी म्हटलं.

आणि म्हटलं मात्र, डोळ्यांपुढे तांदळाचं ताट आलं. लग्नातलं. सासूबाईंचंही नाव तापी, एका घरात दोन तापी नकोत म्हणून माझं नाव बदललं होतं. यांनी अंगठीनं तांदळात लिहिलं, भटजींनी वाचलं, वाजंत्री वाजली, लोकांनी पेढे खाल्ले आणि संपलं. त्या दिवसापासून ते नाव कुणी घेतलंच नाही. सासूबाईंची मी कळसाडीवाली, यांची "आइक ना". अहो, ती बहिरी मेली मीच!

मी उठले, पदर मागे टाकला, आणि जिवाच्या आकांतानं त्या पाण्यावर ओरडले. काय ओरडले? यांचं नाव! अख्खं, वडिलांच्या नावासकट. ते इथे लिहीत नाही, एकदा घेतलं तेवढं पुरे. पलीकडे एक पांढरी टोपी उंच उडाली आणि पटकन होडीत चढली.

हे उतरले ते ओलेचिंब, काखेत नारळ. "कितल्या हाका मारात! ऐकाले नही येत का तुले?"

"नाव ध्यानात नाही राहिलं," मी म्हटलं.

मासळीवाली आमच्याकडे बघून अजून हसतच होती.

टांगा मिळाला. नाक्यावर शिपायानं नारळ हलवून पाहिला, आत दारू आहे की काय म्हणून. वापीच्या फलाटावर मी विचारलं, सिंधूच का ठेवलं? यांनी आधी नारळ गाठोड्यात नीट बांधला. मग म्हणाले, "शाळामा मास्तरनी सांगेल व्हतं, सिंधू म्हंजे समिंदर. तापी शेवट कोठे जास? मंग तेच ठेवं."

सकाळी नंदुरबार, मग बैलगाडीनं धानोरा. सासूबाई सूप घेऊन बसलेल्याच. यांच्या वडिलांची मूठ घेतली, यांची घेतली, दिरांची घेतली. मग हात गव्हात घालून थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"काय वं, तुन्हं नाव काय ठेयेल शे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून आवाज आला. सगळ्यांसमोर, अगदी मोठ्यानं, नावाड्यासारखा.

"सिंधू!"

सासूबाईंनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पदराआड हसल्या. "आरडस काय, बहिरी शे का ती?" म्हणाल्या, आणि मूठ भरून घेतली. "ही सिंधूनी."