व्याह्यांना खरं सांगायला शिकवणाऱ्या लिमये मॅडम

काल दुपारी लिमये मॅडम गेल्या.

त्या भेटल्या नसत्या तर माझ्या मुलीच्या लग्नात मी बाथरूममध्ये आतून कडी लावून बसलो असतो.

गंमत म्हणून लिहीत नाहीये. तसाच प्लॅन होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी फौजेत हवालदार होतो. काश्मीरमध्ये आमच्या गाडीखाली स्फोट झाला. माझ्या शेजारी बसलेला तांबे जागेवर गेला. मला नुसतं खरचटलं.

सगळे म्हणाले, नशीबवान आहेस.

पेन्शनीवर पुण्याजवळ मांजरी गावात घरी आलो. आयटी कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. बघणाऱ्याला सगळं ठीक.

पण फटाका वाजला की जिथे असेन तिथे डोकं धरून खाली बसायचो. रस्त्यात, दुकानात, कुठेही.

माझ्या प्रणालीच्या एकाही वाढदिवसाला फुगे नव्हते. लहान असताना तिनेच आईला सांगितलं होतं, "फुगे नको. फुटले की बाबा घाबरतात."

खडकीत दर रविवारी सकाळी माजी सैनिकांचा एक ग्रुप बसतो, हे माझ्या बायकोला, सुरेखाला, मिलिटरी कँटीनच्या रांगेत कळलं.

"डॉक्टरीणबाई हायेत. बाकी समदे फौजीच. जाऊन तर बघा."

गेलो. मॅडम शनिवार पेठेतल्या. ठेंगण्या, कॉटनची साडी, आवाज कधी चढायचा नाही.

मी दारातच सांगून टाकलं, "मॅडम, मला काही झालेलं नाही."

"उत्तम. मग ज्यांना झालंय त्यांच्यासाठी खुर्च्या लावा."

मी सगळ्या खुर्च्या भिंतीला टेकवून लावल्या. तोंड दाराकडे.

"अहो, गोल लावा. तुमच्या मागे काय चाललंय ते समोरच्याला दिसतं. तो बघेल."

कित्येक महिने मी फक्त खुर्च्या लावल्या आणि ऐकलं. मॅडमनी एकदाही 'तुम्ही बोला' म्हटलं नाही.

मग एका रविवारी सुभेदार जगताप बोलले. आमच्यातले सगळ्यात सीनियर, भरघोस मिशा.

"मी मंडईत गेलो की आधी बाहेर पडायचा रस्ता बघतो. मग भाजी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पण."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "आवाज आहे म्हणायचा." आणि चहाचा कप पुढे केला.

त्या दिवशी मी तांबेबद्दल बोललो. तो गाडीत शेवटचं काय बोलत होता, ते. सुरेखालाही कधी सांगितलं नव्हतं. कोणी 'अरेरे' म्हटलं नाही. जगतापांनी फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझं संपेपर्यंत काढला नाही.

मग प्रणालीचं लग्न ठरलं. मुलाकडचे वाघोलीचे, हौशी. वरात आली की दहा हजार फटाक्यांची माळ लावणार, असं बैठकीतच सांगितलेलं.

मी ग्रुपमध्ये म्हणालो, "तेवढा वेळ मी बाथरूममध्ये थांबेन."

जगताप भडकले. "मुलीच्या बापानं लपायचं? मी गेटवर उभा राहतो. बघतो कोण माळ लावतो ते!"

मॅडम म्हणाल्या, "सुभेदार, लग्न आहे. चौकी नाही." मग मला, "व्याह्यांना काय सांगाल?"

"बीपी आहे म्हणेन."

"ते खोटं झालं. खरं काय आहे?"

मला ते वाक्य बोलता येईना. फौजी माणूस फटाक्याला घाबरतो, हे कसं सांगणार?

मग मॅडमनी सराव म्हणून जगतापांना व्याही करून माझ्यासमोर बसवलं. जगताप मिशीला पीळ देत म्हणाले, "आमच्या मानपानाचं काय?" सगळे हसून लोळले. मीसुद्धा. आणि हसता हसता ते वाक्य बाहेर पडलं. मॅडम म्हणाल्या, "परत." परत म्हटलं. सगळ्यांसमोर म्हणत राहिलो, तोंडात बसेपर्यंत.

पुढच्या आठवड्यात वाघोलीला गेलो. चहा झाल्यावर व्याह्यांना म्हणालो,

"फटाका वाजला की मला वाटतं आमची गाडी परत उडाली. मला लग्नात प्रणालीजवळ उभं राहायचंय. माळ लावू नका."

त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"पाव्हणं, माळ कॅन्सल. पण एक इचारू का? माझा चुलतभाऊ फौजेतनं आलाय. कुणाशी बोलत न्हाई. जेवण बी खोलीतच. त्याला कुठं न्यावं?"

मी म्हणालो, "माझ्याबरोबर पाठवा."

लग्नाला आमचा अख्खा ग्रुप आला. मॅडमही.

आमच्याकडे माळ लागली नाही. शेजारच्या लॉनवर लागली.

मी डोकं धरून खाली बसणारच होतो. कानाशी मॅडमचा आवाज आला, "कुठे आहात तुम्ही?"

"हडपसर."

"काय चाललंय?"

"लग्न. प्रणालीचं."

प्रणालीने माझा हात घट्ट धरला होता. अक्षता आमच्या दोघांच्या केसांत होत्या. माळ संपली तेव्हा मी उभा होतो.

व्याह्यांचे चुलतभाऊ आता दर रविवारी येतात. अजून फारसं बोलत नाहीत. पण जेवायला घरच्यांबरोबर बसतात.

आज सकाळी वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही सगळे होतो. मॅडमच्या मुलाने नमस्कार केला आणि अवघडून विचारलं, "माफ करा, आपण कोण? आई तिच्या कामाबद्दल घरी एक अक्षर बोलायची नाही."

इतकी वर्षं. एक अक्षर नाही.

जगताप नुसते रडत होते. मग मीच सांगितलं. नाव, गाव, स्फोट, तांबे, फटाके, सगळं. भर गर्दीत, न अडखळता. शेवटी म्हणालो, "तुमच्या आईंमुळे मला हे आज तुम्हाला सांगता येतंय."

त्याने मला मिठी मारली.

मॅडम, मी फौजेतून केव्हाच परत आलो होतो. पण सुरेखाला नवरा आणि प्रणालीला बाप तुमच्यामुळे परत मिळाला.

साष्टांग नमस्कार. तुमचे उपकार फिटायचे नाहीत.