पलीकडून घेतलेलं नाव

असले अनुभव वाचून मी कायम हसत आले. नवऱ्याला म्हणायचे, "लोकांना वेळ भरपूर आहे." त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण पप्पा आता नाहीत, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी वसईची. दुबईत एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये आहे. नवरा रॉनी, मुलगी नताशा आणि मी करामा भागात राहतो. हे घडलं तेव्हा माझे आईवडील आमच्याकडे आले होते. पप्पांचं नाव इनास, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांची आठवण पुसत चालली होती. मला ते "सिस्टर" म्हणायचे. मम्मीला तर वर्षभर ओळखलंच नव्हतं. मावशीचं ऑपरेशन निघालं म्हणून मम्मी थोडे दिवस वसईला गेली, पप्पा आमच्याकडेच राहिले.

एका संध्याकाळी आम्ही त्यांना खाडीकाठी बर दुबईला नेलं. आब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत बसून खाडी ओलांडायची, पलीकडे देराला चहा प्यायचा, एवढाच बेत. पण धक्क्यावर पप्पा थांबले. हलेनात.

"ही नदी ओलांडली की माणूस सगळं विसरतो," ते म्हणाले.

"पप्पा, ही खाडी आहे."

"सैनिकसुद्धा असेच काठावर अडले होते. मग त्यांचा सरदार एकटा पलीकडे गेला. तिथून त्याने एकेकाला नावाने हाक मारली. तो विसरला नव्हता, म्हणून सगळे आले."

मग ते शांतपणे सांगत राहिले — कमानींचा लांब दगडी पूल, त्याच्या टोकाला चर्च, काठाने उंच झाडांच्या रांगा, तुरुंगाचा जुना बुरूज, नदीच्या वाळूत भरणारा बाजार. मला वाटलं, वसईचा किल्ला आठवत असेल. पण वसईत असा पूल कुठाय?

रॉनी हळूच म्हणाला, "तू जा पुढे. मी थांबतो यांच्याजवळ."

नताशाला घेऊन मी देराच्या काठावर उतरले. तिथून हाक ऐकू जाणं शक्यच नव्हतं, म्हणून रॉनीला फोन लावला. त्याने स्पीकर ऑन केला.

"पप्पा, या."

"असं नाही," पप्पांचा आवाज आला. "नाव घे."

वडिलांना नावाने हाक मारायची... जीभ रेटेना. शेवटी म्हटलं, "इनास. इनास, ये."

"चालायला लागले," रॉनी म्हणाला.

आब्रा आली. पप्पा उतरले, माझ्याकडे बघितलं. "सिल्व्हिया, बारीक झालीस गं." मग नताशाच्या डोक्यावर हात ठेवून, "नताशा, शाळा काय म्हणते?"

"मॉम," ती कुजबुजली, "ही सेड माय नेम."

आम्ही बाकावर बसलो. चहा तसाच निवला. पप्पा म्हणाले, "मम्मी कुठाय तुझी? गुडघा बरा आहे का तिचा? फोन लाव." लावला. बंद. परत लावला, बंदच. पप्पा माझा मोबाइल हातात धरून बसून राहिले. "लागेल," म्हणाले.

टॅक्सीने परत आलो. घराचं दार उघडताना त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, हे कुणाचं घर?" आत शिरतो तोच मम्मीचा फोन आला. मी घाईघाईने त्यांच्या कानाला लावला. त्यांनी नीट ऐकलं आणि परत दिला.

"राँग नंबर आहे."

हॉटेलात माझी एक पोर्तुगीज कलीग आहे, तेरेझा. तिला हे सांगितलं, तर तिने मोबाइलवर फोटो शोधून दाखवले. तोच पूल. झाडं, बुरूज, वाळूतला बाजार. एका काठावर सैनिकांचे पुतळे ओळीने उभे, आणि समोरच्या काठावर एकटा घोडेस्वार.

"पोंते द लिमा," ती म्हणाली. "पोर्तुगालमधलं माझ्या आजीचं गाव. तुझे वडील कधी गेले होते?"

पप्पांचा पासपोर्टच मुळात दुबईसाठी काढलेला. कधीकाळी एखाद्या फादरकडून ऐकलं असेल? भावांना, काकांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. आणि ऐकलं असलं, तरी त्या संध्याकाळचं काय?

पप्पा गेल्यानंतर मम्मीला सगळं सांगितलं. त्या दिवशी फोन का बंद होता, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं.

"चर्चमध्ये होते," ती म्हणाली. "नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना चालू होती. त्यांनी एकदा तरी मला ओळखावं म्हणून धरली होती."