मेलेल्यांना चकवा लावणारा

आमच्या वस्तीतला ओदिलों मेलेल्यांना चकवा लावायचा. आमच्याकडे मयत सरळ रस्त्याने नेत नाहीत. शवपेटी खांद्यावर घेऊन मध्येच गर्रकन फिरायचं, चार पावलं मागे यायचं, उगाच एखाद्या गल्लीत शिरून बाहेर पडायचं, म्हणजे मेलेल्याला घरची वाट सापडत नाही. पेटीच्या पुढच्या खांद्याचा मान ओदिलोंचा. त्याचा खांदा वळला की आमचे पाय आपोआप वळायचे.

दारू प्यायला की मात्र त्याला स्वतःचंच घर सापडत नसे. "मेलेल्यांना फसव, मला कशाला फसवतोस रे?" असं त्याची बायको सिलानी दारातून ओरडायची आणि वर हसायची. तो माझ्या लेकीचा धर्मपिता, म्हणून मी त्याला 'कोंपे' म्हणतो.

राष्ट्राध्यक्ष स्वतःच्याच घरात मारला गेला, तेव्हापासून खुर्चीवर कोण आहे हे विचारायचंही आम्ही सोडलंय. वस्तीच्या खालच्या तोंडाशी टोळीवाल्यांचा नाका, वरच्या चौकात परदेशी शिपायांची चिलखती गाडी. इकडे आड, तिकडे विहीर. परदेशी माझ्या आजोबांच्या काळात आले, बापाच्या काळात आले, आता माझ्या काळात आलेत. देश सुधारून देतो म्हणतात आणि आमचाच रस्ता अडवून बसतात. मला त्यांचा मनापासून संताप येतो.

सिलानी साध्या तापाने गेली. दवाखाना टोळीच्या नाक्यापलीकडे होता. "मला आईशेजारी ठेव," एवढंच ती म्हणाली होती, आणि तिच्या आईची कबर चौकापलीकडच्या दफनभूमीत.

ओदिलों हात वर करून चौकात गेला. मीही मागोमाग गेलो. शिपायांचा दुभाष्या आमच्यातलाच.

"उद्या सकाळी या काका," तो म्हणाला. "पण सरळ या. कुठे वळायचं नाही."

"मयत आहे रे बाबा. वळावं लागतं."

"मला कळतं हो. ह्यांना कसं समजावू? पेटी घेऊन कुणी पळायला लागलं की ह्यांना आत बंदुकाच दिसतात."

सकाळी पेटी उचलताना मी बजावलं, "कोंपे, आज वळू नकोस हं."

"वेडा आहेस का? तिला पोचवायचंय मला."

पावाच्या बंद दुकानाचा कोपरा आला. जन्मभर प्रत्येक मयत त्याने तिथेच फिरवलेलं. त्याचा खांदा वळला. माझेही पाय वळले. खोटं कशाला बोलू, वळल्यावर क्षणभर बरंच वाटलं.

चौकातून शिपायांनी गोळ्या हवेत झाडल्या होत्या, पण ते आम्हाला नंतर कळलं. आम्ही रस्त्यावर आडवे झालो, पेटी आपटली, झाकणाची फळी निघाली आणि सिलानीच्या निळ्या झग्याची बाही दिसली. तो झगा मीच शिवला होता.

"मागे जा! आता पुढे सोडणार नाहीत!" दुभाष्या रडवेल्या आवाजात ओरडत होता.

ओदिलोंने बाही आत सारली. आम्ही पेटी उचलली आणि परत फिरलो. भीतीने कुणाला वळायचं सुचलं नाही. त्या कोपऱ्यापासून तिच्या दारापर्यंत आम्ही तिला नाकासमोर चालत आणलं.

परसात आंब्याखाली खड्डा खणला. ओदिलोंने आधी दारूची धार जमिनीवर सोडली, उरलेली बाटली मला दिली. स्वतः थेंबही घेतला नाही.

मला राहवेना. "कोंपे, निदान झाडाभोवती तरी फिरवू या तिला. सगळी वाट बघून ठेवलीय तिने. परत येईल."

त्याने फावडं हातात घेतलं. स्वयंपाकघराचं मागचं दार तिथून हाकेच्या अंतरावर, उघडंच होतं.

"येऊ दे," तो म्हणाला. "ती तरी दुसरीकडे जाणार कुठे?"