हर्षा मोहुर्लेची नोंदणी

हर्षा मोहुर्ले पाचवीत होती तेव्हा शाळेत रक्त तपासायला गाडी आली. पोरांनी बोटं पुढे केली, सुई टोचून घेतली, आणि गाडी पुढच्या गावाला निघून गेली. पुढे काही दिवसांनी मूल या तालुक्याच्या गावच्या दवाखान्यातून निरोप आला आणि तिच्या हातात लाल कार्ड पडलं. लाल म्हणजे सिकलसेलचा पुरा आजार. आईबापाला पिवळी कार्डं मिळाली. दोघांच्याही रक्तात तो अर्धा अर्धा होता, आणि दोघांनाही जन्मात कधी त्याचा त्रास झाला नव्हता.

भाताच्या रोवण्याच्या दिवसांत तिला कोणी बांधीतल्या चिखलात उतरू देईना. थंड पाण्यात उभी राहिली की संध्याकाळी तिचे सांधे असे ठणकायचे, की आई तिला मांडीवर घट्ट दाबून धरायची आणि तरी ती तडफडायची. पुढे वयात आल्यावर सोयरिकी यायला लागल्या. पाहुणे पाटावर बसायचे, कांदेपोहे घ्यायचे, आणि उठता उठता कार्डाचा रंग विचारायचे. पुन्हा त्यांचा निरोप येत नसे. तिसऱ्या वेळी हर्षाने स्वतःच पोह्यांच्या बशीसोबत कार्ड आणून ठेवलं. बाप त्या दिवशी तिच्यावर फार ओरडला आणि मग बाहेर जाऊन बसला.

बारावीनंतर तिने नागपुरात फिजिओथेरपी सहायकाचा अभ्यासक्रम धरला. पडलेल्या माणसाला उठवणं, उठलेल्याला चालवणं हे काम तिला ओळखीचं वाटत होतं. ती स्वतः कितीदा तरी खाटेवरून तशी उठली होती. पण प्रात्यक्षिकांना हजेरी लागते, आणि दुखणं हजेरी पाहून येत नाही. पहिल्या खेपेला तिला परीक्षेलाच बसू दिलं नाही. तिने ते वर्ष पुन्हा काढलं, पास झाली, राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे अर्ज केला आणि तिची नोंदणी झाली.

प्रमाणपत्र टपालाने गावी आलं. त्यावर नाव, फोटो, क्रमांक आणि शिक्का होता. रक्ताबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आईला वाचता येत नव्हतं, तरी तिने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"आता कोनी काई म्हनो," आई म्हणाली, "सरकारनं तुले पास केलं."

चंद्रपुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात तिला काम मिळालं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट फरहत मॅडम शहरातल्याच घुटकाळा मोहल्ल्यातल्या, शिंप्याच्या घरातल्या. बोलणं थोडकं, पण कापड कापल्यासारखं सरळ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं, "हर्षा, तू सहायक आहेस. तुझं काम माझ्या नावावर जाणार. मी लिहिलं तेवढंच करायचं, आणि लिहिलं तसंच करायचं. दोन माणसं लिहिली असतील तर दोनच. एकटीने बहादुरी करायची नाही."

हर्षाने ते पाळलं. खाणीत पाय चिरडलेले, सिमेंटच्या कारखान्यात शिडीवरून पडलेले, तेंदूच्या हंगामात अस्वलाने खांदा फोडलेले, लकवा मारलेले. सगळी माणसं तिच्या हाताखालून गेली. तिचे हात हलके आहेत असं लोक म्हणायचे. काही बरे झाले, बरेच अर्धवट राहिले, आणि काही गाडीभाड्याला कंटाळून यायचेच थांबले. तरी ही वर्षं तिच्या आयुष्यातली चांगली होती. ती खोली घेऊन राहत होती, रोजची गोळी वेळेवर घेत होती, आणि तिच्या कार्डाचा रंग मॅडमशिवाय तिथे कोणालाच माहीत नव्हता.

मग उजव्या खुब्यात दुखायला लागलं. हे दुखणं नेहमीचं नव्हतं. नेहमीचं यायचं, मारायचं आणि जायचं. हे मुक्कामाला आलं. जिना चढताना पाय आतून मोडल्यासारखा व्हायचा. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाला रक्त पुरत नाही आणि हाड आतल्या आत सुकत जातं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. म्हणूनच तिने एक्स-रे काढला नाही. काढला असता तर ते खरं झालं असतं.

एके दिवशी मॅडमनी विचारलंच, "पाय ओढतेस का?"

"बसमधून उतरताना मुरगळला, मॅडम."

मॅडमनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि पुढच्या रुग्णाकडे वळल्या. त्या दिवशी बाहेर बाकावर फार गर्दी होती.

त्याच वर्षी नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. प्रशिक्षण शिबिरांचे दाखले तिच्याकडे होते, कामाचा दाखला मॅडमनी दिला. पण या वेळी आणखी एक कागद मागितला होता. रुग्णाला आधार देऊन उभं करण्याइतकी प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला. दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेली असती तर त्यांनी आधी तिला चालून दाखवायला लावलं असतं. म्हणून सुटीच्या दिवशी ती कोरपन्याला एका ओळखीच्या डॉक्टरकडे गेली. त्याने नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, काही आजार आहे का विचारलं. ती नाही म्हणाली. त्याने सही केली. परतीच्या बसमध्ये कापसाच्या गाठोड्याजवळ उभ्या उभ्या तिला रडू आलं, आणि ते कशाचं हे तिला नीट सांगता आलं नसतं. नूतनीकरण झालं.

लटारू कुळमेथे हे जिवतीकडचे, डोंगरावरच्या एका पाड्यातले. साठी ओलांडलेला उंच, हाडापेराने दणकट माणूस. डावं अंग लकव्याने गेलं होतं. बायको कमळाबाई त्यांना घेऊन दवाखान्याच्या धर्मशाळेत राहिल्या होत्या. मॅडमनी त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, दोघांनी धरून उभं करायचं. दुसरा माणूस म्हणजे कंत्राटावरचे वारलू मामा. वॉर्डात फरशी पुसणं, खाटा सरकवणं, रुग्ण धरणं असं पडेल ते काम ते करत.

लटारूंना चालायची घाई होती. तुरीचं पीक उभं होतं आणि रानडुकरं येत होती.

त्या सकाळी वारलू मामांना कोणीतरी ऑक्सिजनचं सिलिंडर आणायला बोलावून नेलं. फरहत मॅडम वरच्या मजल्यावर होत्या. लटारू खुर्चीत बसून म्हणाले, "बाई, कवापासून बसून राह्यलो. उठव ना."

"मामा येऊ द्या, बाबा."

"आता मले जमते. तू निस्ती धर."

हर्षाने त्यांच्या कमरेचा पट्टा धरला. असं तिने याआधी कधी केलं नव्हतं. पण गेले काही दिवस तिला आपण अजून हे करू शकतो का, हे पाहायचं होतं. ते उठले, चांगले उठले, आणि हसले. मग त्यांचं सगळं वजन डावीकडे कललं, ते तिने उजव्या पायावर घेतलं, आणि पायाखालची जमीनच नाहीशी झाली. दोघंही पडले. लटारू खाली आले ते मांडीवर. हाड मोडल्याचा आवाज हर्षाने ऐकला. ती त्यांच्या बाजूला पडून होती आणि तिला उठता येत नव्हतं.

लटारूंचं ऑपरेशन झालं. पण आधीच अर्धं गेलेलं अंग, त्यात ते पडून राहणं. छातीत कफ साचला, ताप चढला, आणि महिना भरायच्या आत ते गेले. कमळाबाईंनी त्यांना गाडीत घालून डोंगरावर नेलं.

हर्षा तोवर स्वतः खाटेवर होती. आता एक्स-रे झाला होता. खुब्याचा गोळा चेपून बसला होता, चेंडूवर कोणी पाय द्यावा तसा. तिला बघायला आलेल्या नर्सने बोलता बोलता सांगितलं की चौकशी झाली. फरशी ओली होती असं ठरलं. ती वारलू मामांनी पुसली होती. कंत्राटदाराने त्यांना काढून टाकलं.

"फरशी कोरडी होती," हर्षा म्हणाली.

"मग?"

नर्स गेल्यावर हर्षाने मॅडमना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. एकटीने उठवल्याचं, खुब्याचं आणि कोरपन्याच्या दाखल्याचंही.

फरहत मॅडम उभ्याच होत्या. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"मी तुला विचारलं होतं, हर्षा."

"हो."

"तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी तुला टेबलावरची कामं दिली असती. लहान मुलं दिली असती. कोणी पडलं नसतं." त्यांचा आवाज चढला नाही. "आता परिषदेला मलाही लिहावं लागेल. तुझं आणि माझंही. मी बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं."

दोघींनी आपापलं लिहून परिषदेकडे पाठवलं. वारलू मामांना परत घेतलं, पण दुसऱ्या वॉर्डात. काठी घेऊन चालायला लागल्यावर हर्षा त्यांना भेटायला गेली. ते सिलिंडर ढकलत होते. "बरं झालं," एवढंच म्हणाले, आणि सिलिंडर ढकलत पुढे गेले.

परिषदेच्या सुनावणीच्या आधी ती जिवतीला गेली. आईने नको म्हटलं, तरी गेली. गडचांदूरहून घाट चढणारी बस, मग एका ओळखीच्या माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून दगडांचा रस्ता. प्रत्येक धक्क्याला खुबा ओरडत होता. कमळाबाई अंगणात तूर बडवत होत्या. त्यांनी हर्षाला ओळखलं, खाट टाकली, पाणी दिलं.

हर्षाने सांगितलं, "बाई, ते फरशीवरून घसरले नाई. माह्या पायात दम नव्हता. मले मालूम होतं. तरी मी एकटीनंच उठवलं त्याईले."

कमळाबाईंचा हात थांबला. काठी बाजूला ठेवून त्या खाली बसल्या.

"बुढा म्हने, ते पोट्टी लय चांगली धरते. आखरीपर्यंत म्हने." मग त्यांनी विचारलं, "हे सांगाले इतक्या दूर आली?"

"हो."

"काऊन?"

हर्षाने पाण्याचा गिलास खाली ठेवला.

"तुले मोकळं वाटन आता. मी का करू याचं? आतापर्यंत मी म्हनत होती, पान्यानं घसरला, त्याचा वखत भरला होता. झोप येत होती मले." त्या उठल्या, काठी हातात घेतली. "जाय, बाई. आखरी बस निघून जाईन."

आणि पुन्हा तूर बडवायला लागल्या. हर्षा खाटेवरून एका झटक्यात उठू शकली नाही. कमळाबाईंनी ते पाहिलं. हात पुढे केला नाही, पण ती उभी राहीपर्यंत त्या बडवायच्या थांबल्या.

नागपूरच्या सुनावणीत टेबलापलीकडे तीन जण होते. कोणी रागावलं नाही. त्यांनी विचारलं, तिने उत्तरं दिली. खोटा दाखला तिनेच मिळवला का? हो. धोक्याची कल्पना होती का? होती. एका वयस्कर सदस्याने चष्मा काढून विचारलं, "हा माणूस पडलाच नसता तर तुम्ही आपल्या खुब्याबद्दल कधी सांगितलं असतं का?" तिने विचार केला आणि खरं ते सांगितलं. नाही म्हणाली. तिची नोंदणी रद्द झाली. पुढे कधी ऑपरेशन होऊन प्रकृती सुधारली, तर पुन्हा परीक्षा देऊन नव्याने अर्ज करता येईल, असं आदेशात होतं. फरहत मॅडमना ताकीद मिळाली. त्या दोघी जिना उतरताना बरोबर होत्या. मॅडमनी तिची पिशवी घेतली; बसस्टँडवर ती परत देऊन त्या दुसऱ्या बसकडे गेल्या.

हर्षा आता गावीच असते. खुबा बदलायच्या ऑपरेशनसाठी तिचं नाव लागलंय, पण तिचं रक्त पाहून डॉक्टरांनी ते दोनदा पुढे ढकललं. ओसरीवर बसून ती तांदूळ निवडते, शेजारच्या पोरींचा अभ्यास घेते. गावातल्या बाया रोवणा आटोपला की पाठ धरून, गुडघे धरून तिच्याकडे येतात. ती एकच सांगते, चंद्रपूरला जा, फरहत मॅडमना दाखवा.

परवा शेजारची सरूमावशी आली. खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता, वेणीसुद्धा सुनेने घालून दिलेली.

"निस्तं दाबून दे, पोरी. तुले तं येते ना?"

"येते, मावशी. पर मले आता करता येत नाई."

"इथी कोन पाहून राह्यलं?"

हर्षाने सूप मांडीवर घट्ट धरलं. सरूमावशी "शिकून का फायदा झाला तुले," असं पुटपुटत आखडलेला हात दुसऱ्या हाताने उचलून घेत निघून गेली. आईने आतून विचारलं, कोण होतं. हर्षा म्हणाली, कोणी नाई, आणि पुढचा तांदूळ सुपात ओतला.