मुकादम नुसते हिंडतात

मंडळी, आज माझ्यामुळं एका भल्या माणसाचं काम गेलं.

मांडवगणला दुष्काळी कामावर तलावाचा बांध घालतोय. आमचे मुकादम रहीममामा स्वतः पाटी उचलत नाहीत, नुसते हिंडतात. दमलेल्या म्हातारीला पाणी वाटायला लावतात, भांडलेल्या जोडीदारांना लांब ठेवतात.

सकाळी नवे साहेब म्हणाले, "हा मुकादम दिवसभर करतो काय?"

मी हसत बोलून गेलो, "काय न्हाई साहेब, हिंडत्यात."

दुपारी मामांना घरी पाठवलं. जाताना म्हणाले, "खरंच बोललास की रं. हिंडतच व्हतो."

मग सगळ्यांना सारख्या पाट्या. म्हातारी तिसऱ्या खेपेला खाली बसली.

मी साहेबांकडं पळालो, पण मामा नेमकं काय करायचे, ते सांगताच येईना. तुम्हाला आलं असतं?