खिशातले आकडे

माझी भावजय सुहासिनी हिला काळजी करायला कारण लागत नाही. गॅस बंद केला का हे बघायला ती गाडीतून उतरून परत घरात जाते, आणि बंद असलेला गॅस बघून आल्यावर दार नीट लावलं का, याची काळजी सुरू होते. माझा भाऊ शशी तिच्यापुढे केव्हाच हात टेकून बसला आहे. मी मात्र मोठी नणंद, त्यामुळे बोलायचा हक्क सोडलेला नाही. मी तिला सुहास म्हणते, ती मला वन्सं म्हणते. लीड्समध्ये आमची घरं एकाच रस्त्यावर समोरासमोर आहेत, त्यामुळे तिच्या काळज्यांचा निम्मा वाटा रोज संध्याकाळी माझ्या सोफ्यावर येऊन बसतो.

ती एका हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर, म्हणजे वॉर्डाची मुख्य नर्स आहे. कोणत्या, ते सांगणार नाही. तसं तिला कबूल केलंय. मिरजेला नर्सिंग शिकून ती इथे आली, त्याला वीसेक वर्षं झाली. वयस्कर पेशंटांचा वॉर्ड तिच्याकडे आहे. असल्या घाबरट बाईला असला वॉर्ड कुणी दिला, असं मी शशीला कितीदा तरी विचारलं आहे. तो म्हणतो, असल्याच बाईला द्यायला हवा.

मागच्या वर्षी त्या वॉर्डात नवं यंत्र यायचं ठरलं. यंत्र कसलं, फोनच तो. रबरी कव्हरातला, पुसून स्वच्छ करता येणारा. नर्सने पेशंटचं बीपी, ताप, नाडी, श्वास वगैरे मोजायचं आणि खाटेपाशी उभं राहूनच ते आकडे फोनमध्ये भरायचे. फोन त्यांची बेरीज करून एक स्कोअर काढणार. स्कोअर जितका जास्त, तितका पेशंट धोक्यात. तो वाढला की फोन परस्पर डॉक्टरांना कळवणार. तोवर हे सगळं खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर चालायचं. बेरीज हाताने करायची, आणि ती जास्त आली तर डॉक्टरांना शोधत फोन फिरवत बसायचं.

सुहासने आपण होऊन सांगितलं, पहिला प्रयोग माझ्या वॉर्डात करा. आम्ही घरचे थक्क झालो. नवा मिक्सर आणला तर वर्षभर खोक्यातच ठेवणारी बाई ही. पण कारण मला ठाऊक होतं. त्याआधीच्या हिवाळ्यात तिच्या वॉर्डातल्या एका आजींच्या कागदावरची बेरीज चुकली होती. कुणी हलगर्जीपणा केला नव्हता. दिवसभर पायांवर उभ्या असलेल्या एका मुलीने दमलेल्या डोक्याने मांडलेली बेरीज होती ती. डॉक्टर उशिरा आले आणि आजी गेल्या. सुहास अजून त्यांचं नाव घेत नाही, ‘त्या खिडकीजवळच्या’ म्हणते.

प्रयोग सहा आठवड्यांचा होता. शेवटी मीटिंग, आणि मीटिंगमध्ये निकाल: सगळ्या हॉस्पिटलला फोन द्यायचे, की परत कागदावर जायचं. याआधी असाच एक प्रयत्न फसला होता. तेव्हा चाकांवरचे कॉम्प्युटर आले होते, पण ते दोन खाटांच्या मधे शिरेनात. आता ते स्टोअररूममध्ये उभे आहेत आणि त्यांच्यावर ख्रिसमसच्या झाडाचं खोकं ठेवतात.

“ह्या वेळी फेल गेलं ना वन्सं,” सुहास म्हणाली, “तर टेन इयर्स कुणी पुन्हा नाव काढणार नाही. आणि मग परत कुणाची तरी बेरीज चुकेल.”

पहिले तीन आठवडे मात्र दृष्ट लागण्यासारखे गेले. मॅनेजर फिओनाबाईंच्या कॉम्प्युटरवर वॉर्डाचा आलेख हिरवागार. प्रत्येक पेशंटचे आकडे भरलेले, एकही सुटलेला नाही. बाईंनी खूश होऊन वॉर्डाला केक पाठवला, वर हिरव्या आयसिंगने ‘वेल डन’ लिहिलेला. सुहासने त्यातला एक तुकडा नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्यासाठी आणला. मी म्हटलं, आता तरी हस.

“इट्स टू गुड, वन्सं. माझ्या वॉर्डमध्ये सगळं इतकं नीट कधी होतच नाही.”

मी वैतागले. म्हटलं, बाई, सुखाने केकसुद्धा खाऊ देत नाहीस. आणि केक खाल्ला.

पण तिची शंका खोटी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती आकडे कोणत्या वेळी भरले गेलेत ते बघत बसली. एका बाजूच्या सगळ्या पेशंटांचे आकडे एकापाठोपाठ एक, एका दमात भरलेले होते. दंडाला पट्टा बांधत, सोडत एवढ्या खाटा कुणालाच इतक्या भराभर करता येत नाहीत. मग तिने लक्ष ठेवलं. तिच्या हाताखाली जॅनेट नावाची मदतनीस आहे. पक्की इथली, यॉर्कशरची, उभा जन्म त्याच वॉर्डात गेलेला, पेशंटांची लाडकी. ही जॅनेट खाटेपाशी बीपी घेई, हात पुसायच्या पेपर टॉवेलवर आकडे लिही, टॉवेल खिशात घाली आणि पुढच्या खाटेकडे जाई. फेरी संपली की चहा. चहा झाला की टेबलापाशी बसून खिशातले सगळे आकडे फोनमध्ये. तिचं बघून बाकीच्या मुलींनीही तेच सुरू केलं होतं. आलेख हिरवा होता, पण त्यातले आकडे शिळे होते.

त्या संध्याकाळी सुहास आली ती कोट न काढताच बसली.

“फिओनाला सांगितलं तर हा पायलट प्रोजेक्ट बंद. वर जॅनेटची इन्क्वायरी. नाही सांगितलं, तर कुणाचा तरी स्कोअर चहा होईपर्यंत खिशात पडून राहणार.”

“मग जॅनेटला दम दे.”

“दम दिला तर ती टॉवेल लपवेल, वन्सं. आत्ता निदान मला दिसतो तरी.”

मी चहा टाकला. तिने तो प्यायला नाही.

मग तिने डोक्यात घेतलं, की फोनमध्येच काहीतरी अवघड असणार. ते शोधायला तिला गिऱ्हाईक हवं होतं, आणि मी समोरच राहते. रोज संध्याकाळी मी सोफ्यावर, माझ्या दंडाला घरातल्या मशीनचा पट्टा, आणि ही बाई समोर उभी राहून आपल्या फोनवर आकडे दाबतेय. एकदा माझा गुडघा ठणकत होता आणि मी तिला तेच सांगत होते. जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट कशी मिळत नाही, रिसेप्शनवरची पोरगी कशी तोडून बोलली. ती नुसती हं हं करत होती, डोळे फोनवर. माझं टाळकंच सरकलं.

“सुहास, आधी तो फोन ठेव. मी इथे दुखण्याचं सांगतेय आणि तू मेसेज कसले करतेस?”

“अहो वन्सं, मी तुमचंच बीपी घालतेय.”

“मला काय माहीत? मला तुझ्या फोनची पाठ दिसते.”

तिने हातातला फोन उलटा करून त्याची पाठ बघितली. मग पट्टा माझ्या दंडाला तसाच ठेवून, कोट उचलून निघून गेली. पट्टा माझा मीच सोडवला.

दुसऱ्या दिवशी तिने जॅनेटला चादरींच्या खोलीत गाठलं आणि टॉवेलचा विषयही न काढता एकच विचारलं, की फोन हातात असताना कुणी काही बोललं का. जॅनेटने हातातले उशांचे अभ्रे खाली ठेवले. मग बोलली. पहिल्याच आठवड्यात एका पेशंटच्या मुलीने तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, ‘माझे वडील कळवळतायत आणि तुला फेसबुक सुचतंय?’ आख्ख्या नोकरीत जॅनेटला असं कुणी बोललं नव्हतं. “लाज वाटली, लव्ह,” ती म्हणाली; इथे कुणालाही असं लाडाने ‘लव्ह’ म्हणतात. “त्यानंतर मी तो माणसांसमोर काढलाच नाही.” कुणाला सांगितलंही नव्हतं. स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच नेऊन कोण देतं?

त्या दिवशीची फेरी दोघींनी मिळून केली. खाटेच्या पायाशी नाही, उशाशी उभं राहायचं. फोन आपल्या आणि पेशंटच्या मधे धरायचा. स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची आणि सांगायचं, हा बघा तुमचा ताप, हे तुमचं बीपी, आता हे डॉक्टरांना दिसेल. एवढंच. आजोबांनी चष्मे शोधले, आजींनी फोन हातात मागितला. आठवडाभरात पेशंटच विचारायला लागले, माझं किती आलं? शेजारच्या खाटेशी तुलना करायला लागले. पेपर टॉवेल फक्त हात पुसायला उरले.

आता मीटिंग तोंडावर आली होती. मी सांगितलं, झालं ना सगळं नीट, मग मूग गिळून बस. आलेख हिरवा आहे, मंजूर करून घे. शशीचंही तेच मत पडलं. नवरा आणि नणंद एका बाजूला, असं आमच्या घरात सहसा होत नाही.

“मी गप्प बसले तर बाकीच्या वॉर्ड्समध्ये पण हेच होणार,” ती म्हणाली. “तिथे पण जॅनेट असतीलच की. आणि सगळ्यांना वाटेल, ग्राफ इज ग्रीन, सो वी आर फाइन.”

मीटिंगचा दिवस आला. तिने सगळं सांगितलं. फिओनाबाईंचा चेहरा पडला, कारण तो हिरवा आलेख त्यांनी आधीच वरच्यांना दाखवला होता. त्यांनी विचारलं, म्हणजे ही माहिती खोटी आहे? सुहास म्हणाली, माहिती खरी आहे, वेळ खोटी आहे. हे कुणी केलं, असं विचारल्यावर म्हणाली, माझ्या वॉर्डाने, म्हणजे मीच. जॅनेटचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही.

निकाल लागला नाही. आणखी एक महिना मिळाला, आणि तोही बजावून: या महिन्यात वेळा जुळल्या नाहीत तर फोन परत जातील. ती आली आणि माझ्या सोफ्यावर बसली. मी तिचे हात माझ्या हातात घेतले. ‘मी सांगितलं होतं’ एवढं वाक्य मात्र गिळून टाकलं.

तो महिना आमच्या दोन्ही घरांवर बसून होता. एरवी तिच्या काळजीची टिंगल करणारी मी, खिडकीशी उभी राहून तिच्या गाडीची वाट बघायला लागले. गाडीतून ती कशी उतरते त्यावरून मला दिवस कळायचा. गॅसची काळजी निदान एकदा बघून आली की मिटायची; ह्या महिन्यात ती रोज नव्याने घाबरायची.

महिना संपत आला असताना एका दुपारी वॉर्डात चहाची गाडी आली, तेव्हा जॅनेट मिस्टर वॉल्श नावाच्या आजोबांपाशी होती. सकाळी त्यांनी क्रिकेटवर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. आता ते गप्प होते. जॅनेटने आकडे भरले, स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, पण त्यांनी तिकडे बघितलं नाही. स्कोअर एकदम चढला होता. जॅनेट अजून पट्टाच सोडवत होती, तोवर डॉक्टर धावत वॉर्डात शिरली. जंतुसंसर्ग रक्तात पसरायला लागला होता. औषध वेळेवर गेलं. आजोबा वाचले, आणि जरा सावरल्यावर त्यांनी आधी आपला स्कोअर विचारला. चहाची गाडी मात्र तशीच उभी राहिली. त्या दिवशी जॅनेटने चहा घेतला नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये फोन सगळ्या हॉस्पिटलसाठी मंजूर झाले. उशाशी उभं राहून स्क्रीन वळवायची, हे आता प्रत्येक वॉर्डात शिकवतात.

त्या संध्याकाळी मी शिरा करून वाट बघत होते. सुहास आली, बसली. मी म्हटलं, जिंकलीस गं बाई. तिने वाटीला हात लावला नाही.

“वन्सं, मी ते पहिले थ्री वीक्स परत सगळे बघितले. एकेक पेशंट. त्या वेळी कुणाचा स्कोअर वाढला होता का, आणि तो खिशात राहिला का.”

“मग?”

“कुणी नव्हतं.”

“मग झालं तर.”

“पण मला तेव्हा माहीत नव्हतं ना. कुणी असतं, तरी ग्राफ ग्रीनच दिसला असता. आणि आपण तो केक खाल्लाच असता.”

तो तुकडा मीही खाल्ला होता, नॅपकिनला चिकटलेल्या आयसिंगसकट. मी उठून मशीन आणलं, बाही वर केली आणि म्हटलं, “घे. माझं बीपी घे.”

तिने पट्टा बांधला. समोर उभी न राहता माझ्या शेजारी येऊन बसली आणि फोन दोघींच्या मधे धरला. बीपी वाढलेलं होतं. ते आम्हाला दोघींना एकदमच दिसलं.