वागायेची दुखरी हाडं

वागाये आंबवलेल्या पिठाचे डोशासारखे इंजेरे भाजून विकायची. दब्र ब्रहान या डोंगराळ गावातल्या थंडीमुळे तिच्या स्वयंपाकखोलीला खिडकी नव्हती. पहाटे चर्चला जायची, तीही नखशिखांत पांढऱ्या ओढणीत गुरफटून. तिची तान्ही लेक हिरुत तर घोंगडीतच वाढत होती. बाळाला ऊन लागलं की ‘मिच’ नावाचा आजार होतो, हे तिथे सगळेच मानत.

या बाळंतपणानंतर वागायेच्या मांड्या सतत ठणकायच्या. बैठ्या स्टुलावरून उठताना गुडघ्यांवर हात रेटावे लागत. चालणंही डुलतं झालं होतं.

“आली आमची बदकीण!” सासू म्हणायची. “तुझ्या वयात मी सरपणाचा भारा घेऊन डोंगर उतरायचे. कामाचा कंटाळा, दुसरं काय!”

ऐकून ऐकून वागायेलाही वाटायला लागलं, आपणच आळशी.

लस द्यायला ती हिरुतला आरोग्य केंद्रात घेऊन गेली. सिस्टर रोमान बाळाचं मनगट चाचपत थबकल्या. मनगट जाडसर, डोकं घामानं चिंब.

“अजून बसत नाही?”

“नाही. धरलं तरी कलंडते.”

“बरं, वजनाला ठेव.”

वागाये बाक धरून कशीबशी उठली. रोमान पाहतच राहिल्या. त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला, तशी ती कळवळली.

“असं कधीपासून?”

“आळस आहे हो माझा.”

“आळसानं हाड दुखतं होय गं? उन्हातून अंगाला ड जीवनसत्त्व मिळतं. ते कमी पडलं की हाडं मऊ पडतात, मांड्यांतला जोर जातो. तुझ्यातच नाही, तर दुधातून लेकीला कुठून मिळणार? तिला मुडदूस झालाय. रक्त तपासू, पण औषध दोघींनाही लागेल. आणि रोज थोडं ऊन.”

वागायेला रडू कोसळलं. लेकीची काळजी होतीच. पण आपण कामचुकार नव्हतो, हे कुणीतरी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

घरी सासू कडाडली, “उन्हात? लेकराला मारायचंय का?”

“आत्याबाई, अंधारात ठेवूनच तिची हाडं पिचली. माझीही.”

सून कधी उलटून बोलली नव्हती. म्हातारीनं हिरुतचे पाय चाचपले. मग हळूच म्हणाली, “तुझ्या नवऱ्याचे पायही लहानपणी असेच वाकले होते. मी देवाची मर्जी समजले.”

दुसऱ्या दिवशी तिनंच हिरुतला अंगणात नेलं, कुंची काढली.

औषधाचा गुण यायला कित्येक महिने गेले. हिरुत बसू लागली, मग भिंतीला धरून उभी राहिली. वागायेचा ठणका हळूहळू ओसरला.

शेजारची एक सून पाय ओढत चाललेली दिसली, तेव्हा म्हातारीनं तिला हाक मारली. “अगं, रोमान सिस्टरांना दाखव. आणि कुणी आळशी म्हटलं, तर ऐकून घेऊ नकोस.”